कामठी नागपूरनं गिळली म्हणता? आधी भागाकार तं करा

आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याकडच्या ग्रुपांवर सध्या एकच मेसेज फिरून राहिला. शेतकऱ्यांचा ग्रुप असो, भजनी मंडळाचा असो की धान खरेदीवाल्यांचा, कोणी ना कोणी तो टाकतोच. मेसेज लंबाचौडा आहे पण आतला माल इतकाच, की कामठी विधानसभा आता गाववाल्यांची राहिली नाही, २००८ मध्ये भाजपच्या फायद्यासाठी नागपूरच्या कॉलन्या त्यात मुद्दाम घुसवल्या, कामठी तशीही पहिल्यापासून त्याच पक्षाचा गड, शहरवाला माणूस डोळे मिटून त्यालाच मत देतो, २०२४ ला लोकसभेत एक अन् विधानसभेत दुसरंच झालं ते गाववाल्यांनी दगा दिला म्हणून, अन् पुढच्या वेळी तं गावाचा आमदारच नसन. खाली नेहमीचंच, "प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोहोचवा."

पोहोचवा बाप्पा, पण खरं काय ते तं पाहून घ्या.

"कॉलन्या मुद्दाम घुसवल्या." याला उत्तर द्यायला कोणाचा कार्यकर्ता असायची गरज नाही, भागाकार आला तरी पुरे. २००२ च्या कायद्यानं परिसीमन आयोग, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी पाडणारा आयोग, बसला, त्याचीच वाटणी २००८ ला लागू झाली, अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंग, अन् आकडे धरले २००१ च्या जनगणनेचे. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा ९ कोटी ६८ लाखांच्या वर अन् जागा २८८, म्हणजे एका आमदारामागं ३ लाख ३६ हजार माणसं. नागपूर जिल्हा होता ४० लाख ६७ हजारांचा, करा भागाकार, बारा येतात, अन् जिल्ह्याला बाराच जागा मिळाल्या. आता त्याच्या पुढचं पाहा. महानगरपालिकेच्या हद्दीत तेव्हा २० लाख ५२ हजार लोक म्हणजे सहा जागा, उरलेल्या जिल्ह्यात २० लाख १५ हजार म्हणजे त्याही सहाच. शहराच्या सहा मिळून नागपूर लोकसभा झाली, अन् काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी, रामटेक या बाहेरच्या सहा मिळून रामटेक लोकसभा. दोन्हीकडं हिशोब इतका बरोबर बसतो की शहराच्या बाजूची रेष कुठून गेली असन ते शोधायला डोकं खाजवावं लागत नाही, महापालिकेची तेव्हाची हद्द होती तिथून गेली.

अन् ज्या कॉलन्या घुसवल्या म्हणता त्या बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा ही सगळी तेव्हा नागपूर ग्रामीण तालुक्यातली गावं होती. ग्रामपंचायत होती, तलाठी होता, सातबारे होते. म्हणजे कागदावर गावं गावांमध्येच टाकली, त्यात घुसवलं काय? मागून तिथं लेआउट पडले, एनए झाले, बिल्डर आले, अन् दहा-पंधरा वर्षांत त्या सातबाऱ्यांवर सात-सात मजली फ्लॅट स्कीमा उभ्या झाल्या. प्लॉट कोणी विकले ते आपल्याच लोकांना विचारा, त्याचा दोष आयोगावर टाकून होत नाही. रेष जागेवरच आहे, शहर चालत चालत तिच्या अलीकडं आलं.

आयोगाचा आदेश कोणी उघडून पाहिला तं त्यात तालुका, त्याखाली महसूल मंडळ, त्याखाली साझा (एका तलाठ्याकडची गावं) अशी नावं लिहिलेली दिसतील, एकदम महसूल खात्याची भाषा. राजकारणी आयोगात नव्हतेच असं नाही हं, राज्यातले ५ खासदार अन् ५ आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसत होते, सूचना करता येत होती पण मत देता येत नव्हतं. कोणाच्या सूचनेनं एखादा साझा इकडचा तिकडं झाला असन तं असो, पण जिल्ह्याचे सहा-सहा वाटे लोकसंख्येनं पाडले, पक्षानं नाही. परिसीमनावर चिडायचंच असन तं वेगळी गोष्ट आहे, त्या वाटणीत विदर्भाच्या ६६ जागांच्या ६२ झाल्या. चार आमदार गेले बाप्पा आपले! त्याबद्दल या मेसेजमध्ये एक ओळ नाही.

"कामठी म्हणजे आता नागपूरच." हे तं मॅप न पाहता लिहिलेलं वाक्य आहे. कामठी मतदारसंघात अख्खा कामठी तालुका, नागपूर ग्रामीणचा तुकडा अन् आमच्या मौदा तालुक्याचा मोठा भाग आहे. मौद्याचाच बाकी तुकडा रामटेकमध्ये गेला, म्हणून पाव्हण्यांच्या घरी लग्नाला गेलं तं एकाच तालुक्यात दोन आमदारांचे बॅनर दिसतात. कामठी गाव म्हणाल तं ते नागपूरचं उपनगर म्हणून वसलंच नाही, १८२१ ची इंग्रजांची छावणी ती, कन्हान नदीकाठची, मागून बिडी कामगारांचं गाव झालं, दादासाहेब कुंभारेंनी तिथंच बिडी कामगारांना संघटित केलं. पुलावरून पलीकडं कन्हानला गेलात की पारशिवनी तालुका लागतो अन् आमदार बदलतो. कोराडी-महादुल्याकडं गेलं तं वीज केंद्राची वसाहत, राखेचा प्रश्न, देवीची जत्रा. आमच्या बाजूला पेंचच्या कालव्याचं पाणी, धान, अन् एनटीपीसीचा २३२० मेगावॅटचा प्रकल्प. बेसा-बेलतरोडीत बाल्कनीतून पाण्याच्या टँकरची वाट पाहणारे फ्लॅटवाले.

यातलं "शहर" कोणतं ते मले तं समजून नाही राहिलं. छावणीजवळच्या कामठीतला बुनकर अन् बेसातला आयटीवाला दोघंही शहरी, पण दोघांचं जगणं एक नाही अन् मत तं अजिबातच एक नाही. कामठी शहरात बौद्ध अन् मुस्लिम मतदार मोठ्या संख्येनं आहेत, रिपब्लिकन चळवळ तिथं मुरलेली आहे, नव्या लेआउटमधली वस्ती वेगळ्याच हिशोबानं मत देते. दोघांना एका टोपल्यात टाकायचं अन् वर शहर अशी चिठ्ठी लावायची, हा या मेसेजचा धंदा.

खरा घोळ पाहायचा असन तं हुडकेश्वर-नरसाळ्यात जा. ही गावं २०१३ मध्ये महापालिकेत घेतली. म्हणजे तिथल्या माणसाच्या घराची टॅक्स पावती नागपूर महानगरपालिकेची, नगरसेवक महापालिकेचा, पण आमदार कामठीचा अन् खासदार रामटेकचा. राहतो नागपुरात, अन् त्याचा खासदार ज्या मतदारसंघाचा त्यात देवलापारचं जंगलही येतं. सांडपाण्याची लाईन फुटली की तो पहिल्यांदा खासदाराकडं जातो की झोन ऑफिसात, त्यालाच ठाऊक! हद्द वाढली पण मतदारसंघ २००१ च्याच आकड्यावर बांधलेला राहिला, त्याचा हा नतीजा. तेव्हा गावाला शहरानं गिळलं असं म्हणता तसंच हा शहरवालाही म्हणू शकतो की मला गाववाल्यांच्या मतदारसंघात कोंबलं.

किती फुगला तेही पाहा. ज्या जागेचा हिशोब साडेतीन लाखांच्या आतल्या लोकसंख्येवर, पाळण्यातल्या पोरांसकट, लावला होता, तिथं २०२४ ला फक्त पहिल्या दोन उमेदवारांनीच मिळून ३ लाखांच्या वर मतं घेतली.

"शहरी मत एकाच पक्षाचं." हे वाचून मला हसूच आलं. २०२४ चा विधानसभेचा निकाल घ्या, ताजाच आहे. नागपूर शहरात सहापैकी काँग्रेसनं दोन जिंकल्या, पश्चिममध्ये विकास ठाकरे अन् उत्तरमध्ये नितीन राऊत. ग्रामीणच्या सहापैकी काँग्रेसची एकच, उमरेड. काटोल, सावनेर, हिंगणा, कामठी भाजपकडं अन् रामटेक शिंदेंच्या शिवसेनेकडं. म्हणजे मेसेजवाल्याच्या गणितानं शहर काँग्रेसी ठरलं अन् गाव भाजपचं! तसंही नाही म्हणा, पण आकडा त्याचा मेसेज उलटा करून टाकतो ना.

अन् मागं जा थोडं. पूर्व नागपूर २००९ पर्यंत काँग्रेसच्या सतीश चतुर्वेदींकडं, मध्य अनीस अहमदांकडं, दक्षिण २००९ ला सुद्धा काँग्रेसचे दीनानाथ पडोळे. उत्तरमध्ये २०१४ ला भाजपचे मिलिंद माने निवडून आले अन् २०१९ ला परत राऊत. पश्चिममधून १९९९ अन् २००४ ला देवेंद्र फडणवीस निवडून आले, मग परिसीमनात दक्षिण-पश्चिम नवीन झाला तं ते तिकडं गेले, अन् त्यांची जुनी सीट दोन टर्म भाजपकडं राहून २०१९ पासून काँग्रेसकडं आहे. गावाकडं पाहाल तं काटोलमध्ये राष्ट्रवादीच्या अनिल देशमुखांना २०१४ ला भाजपच्या आशिष देशमुखांनी पाडलं, तेच आशिष देशमुख २०२४ ला सावनेरमधून आले जिथं काँग्रेसच्या सुनील केदारांची पकडच पकड होती. हिंगण्यात २००९ ला भाजपकडून जिंकलेले विजय घोडमारे २०१९ ला राष्ट्रवादीकडून उभे होते. इथं पक्षच जागेवर नाही राहत अन् आपण मतदाराला खुंटीला बांधून टाकतो.

"कामठी कायमचा गड." कायमचा म्हणजे कधीपासून? १९९९ ला सुलेखाताई कुंभारे निवडून आल्या होत्या, रिपब्लिकन विचाराच्या, दादासाहेबांची लेक, मंत्रीही झाल्या. २००४ ला त्यांना हरवून भाजपचे चंद्रशेखर बावनकुळे आले, मग २००९, २०१४. २०१९ ला मंत्री असताना त्यांचं तिकीटच कापलं पक्षानं, टेकचंद सावरकर उभे राहिले अन् जिंकले, पण काँग्रेसचे सुरेश भोयर अकरा हजारांच्या आसपासच मागं होते. इतक्या मोठ्या मतदारसंघात अकरा हजार म्हणजे काय गड? मौदा बाजूचे काही बूथ इकडचे तिकडं झाले असते तं निकाल फिरला असता. २००४ पासून भाजप सलग जिंकली हे खरं आहे, ते नाकारायचं कारण नाही, पण सलग जिंकणं वेगळं अन् हरूच शकत नाही हे वेगळं. अन् पहिला विजय २००४ चा, म्हणजे परिसीमनाच्या आधीचा! मग २००८ मध्ये कॉलन्या घुसवल्या म्हणून सीट गेली हा मुद्दा कुठं उभा राहतो?

"गाववाल्यांनी दगा दिला." हा मुद्दा मला सगळ्यात जास्त झोंबला, कारण तो आपल्याच लोकांवर आहे अन् आपलेच लोक फॉरवर्ड करून राहिले. झालं काय ते शांतपणे पाहा. २०२४ च्या लोकसभेत रामटेकमधून काँग्रेसचे श्यामकुमार बर्वे आले, पाऊण लाखाच्या वर लीड घेऊन, अन् कामठी विधानसभेतही त्यांना लीड होती, अंदाजे १ लाख ३६ हजार विरुद्ध १ लाख १९ हजार. पाच-सहा महिन्यांनी विधानसभेला बावनकुळेंना पावणेदोन लाखांच्या जवळ अन् सुरेश भोयरांना १ लाख ३४ हजार, फरक ४० हजारांवर. आता नीट पाहा, काँग्रेसची मतं १ लाख ३६ हजारांवरून १ लाख ३४ हजार झाली, म्हणजे जवळपास तेवढीच. तिकडचा माणूस फुटला असता तं तो आकडा धाडकन खाली आला असता. वाढले ते समोरच्याचे.

ते काहून वाढले यावर भांडण आहे अन् ते चालू राहीन. काँग्रेसनं मतदारयादीतल्या वाढीवर बोट ठेवलं, निवडणूक आयोगानं ते आरोप फेटाळले. पण दुसरी एक साधी गोष्ट कोणी सांगत नाही, लोकसभेला भाजपचं कमळ मशीनवर नव्हतंच, उमेदवार होते शिंदेसेनेचे राजू पारवे, जे त्याच वर्षी मार्चपर्यंत उमरेडचे काँग्रेसचे आमदार होते. विधानसभेला कमळ आलं, उमेदवार कोराडीचा, माजी मंत्री, पक्षाचा प्रदेशाध्यक्ष. दोन्ही वेळा मशीन तेच असलं तरी त्यावरची माणसं अन् चिन्हं वेगळी होती. यातलं कोणतं कारण किती भारी ते ज्यानं त्यानं ठरवावं, पण "मौद्याच्या शेतकऱ्यानं पैसे घेऊन दगा दिला" हे या आकड्यांत कुठंच लिहिलेलं नाही, अन् ज्यानं लिहिलं त्यानं बूथनिहाय आकडे पाहिले असते तं ते मेसेजमध्ये टाकले असते. टाकले नाहीत. निवडणूक आयोगाच्या फॉर्म २० मध्ये एकेका बूथची मतं असतात, कोणालाही काढता येतात, काढा अन् मग बोला.

"पुढच्या वेळी गावाचा आमदारच नसन." इथं अर्धा मुद्दा खरा आहे. जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे, अन् आता जी जनगणना होणार तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. त्या आकड्यांवर वाटणी झाली तं नागपूर शहर अन् आजूबाजूचं वजन वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको, २००१ ते २०११ मध्येच जिल्हा ४० लाख ६७ हजारांवरून ४६ लाख ५३ हजारांवर गेला होता अन् त्यातले साडेतीन लाख एकट्या महापालिका हद्दीत वाढले. पण म्हणून कामठी आणखी शहरी होईन हे कोणी सांगितलं? हुडकेश्वर-नरसाळा आता महापालिकेत आहे, मागच्यासारखी महापालिकेच्या हद्दीवरून रेष मारली तं तो भाग शहराच्या जागेत जाईन, अन् कामठीत मौद्याची आणखी गावं येतील. म्हणजे मेसेज ज्याची भीती दाखवतो त्याच्या उलटंच व्हायची शक्यता जास्त. भीती ठेवायची तं विदर्भाचा आकडा ६२ वरून आणखी खाली जातो का याची ठेवा.

परिसीमनाचा मसुदा निघाला की तो छापून येतो, हरकती-सूचना मागवतात, जाहीर सुनावणी घेतात. मागच्या वेळी आमच्याकडच्या किती ग्रामपंचायतींनी हरकत टाकली ते आपापल्या सरपंचाला विचारा, अन् आपला साझा कोणत्या महसूल मंडळात येतो तेही लगे हाथ तलाठ्याकडून लिहून घ्या, कारण हरकतीच्या अर्जात तेच लिहावं लागन.