‘सर, तुम्ही लागूच देत नाही’ : चेरिओनीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

(तुम्ही ‘एक जुना खेळाडू’ अशी सही केलीत, म्हणून सरच म्हणतो.)

इटलीचा तलवारबाज आणि पुढे कोच झालेला स्तेफानो चेरिओनी, त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलीच झोड उठवलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : त्याच्या हाती आयत्या चॅम्पियन पोरी लागल्या, कोच म्हणून त्यानं काय दिवे लावले? ज्या गावानं घडवलं त्याच गावच्या मुलीविरुद्ध तो पैशासाठी रशियाकडून उभा राहिला. ऑलिंपिक विजेता कोच झाला यात कसलं आलंय कौतुक, येत होतं तेच शिकवलं. आणि वर, आपल्या कोचवर लिही.

पहिल्या मुद्द्यावर मी अर्धा शरण आहे. लंडन २०१२ ऑलिंपिकमध्ये महिला फॉइलची (टोकानं टोचायच्या हलक्या तलवारीचा प्रकार) वैयक्तिक तिन्ही पदकं इटलीला गेली. एलिझा दी फ्रांचिस्का सुवर्ण, अरियान्ना एर्रिगो रौप्य, वालेन्तिना वेत्साली कांस्य. त्यांना मी ‘चेरिओनीची पदकं’ म्हटलं, ते चुकलंच. वेत्साली तर त्याआधी सिडनी, अथेन्स, बीजिंग अशी लागोपाठ तीन वैयक्तिक सुवर्णं घेऊन बसली होती. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘आयत्या’ हा शब्द खटकतो. त्या ज्या चुलीवर शिजल्या, त्याच चुलीवर हा आधी शिजलेला. येझी हे इटलीच्या मार्के प्रांतातलं गाव, वस्ती चाळीसेक हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. (फुटबॉलवाला मान्चिनीही तिथलाच.) एझिओ त्रिक्कोली नावाचा तिथला माणूस दुसऱ्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेत झोंडरवॉटरच्या छावणीत युद्धकैदी होता. तिथे एका ब्रिटिश सार्जंटकडून तलवारबाजी शिकला, घरी परतला आणि १९४७ मध्ये क्लब काढला. पुढे १९९२ ते २०१२ या सहा ऑलिंपिकमधली महिला फॉइलची पाच वैयक्तिक सुवर्णं या एका गावात आली. त्रिल्लिनीचं एक, वेत्सालीची तीन, दी फ्रांचिस्काचं एक. १९९६ चं हुकलं, तर तेव्हा फायनल हरलेलीही वेत्सालीच! या सगळ्यांच्या आधी, त्रिक्कोलींच्याच हाताखालून, चेरिओनीनं १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य घेतलं, १९८८ ला सोलमध्ये वैयक्तिक सुवर्ण. आणि इटलीत सगळं आयतंच मिळालं असं धरून चालू. मग तो रशियाचा कोच असताना २०१६ ला रिओत त्यांच्या पुरुषांनी फॉइलचं सांघिक सुवर्ण नेलं, त्याचं काय करायचं?

आता गद्दारी. दी फ्रांचिस्कानं लंडनची फायनल १२-११ अशी जिंकली तेव्हा चेरिओनी इटलीचा कोच. चार वर्षांनी रिओत ती पुन्हा फायनलला, समोर रशियाची इन्ना देरिग्लाझोवा, आणि रशियाचा कोच चेरिओनी. हरली. स्कोअर पुन्हा १२-११. येझीतल्या लोकांना काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. पण सर, १२ मार्च २०११ ला नागपुरात जामठ्याला दक्षिण आफ्रिकेनं आपल्याला हरवलं, तेव्हा त्यांचाच गॅरी कर्स्टन आपल्या ड्रेसिंगरूममध्ये होता. त्या दिवशी आपल्यापैकी कुणी त्याला तिकडच्यांच्या वतीनं गद्दार म्हणालं? तीन आठवड्यांनी वानखेडेवर तर आपल्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतला. तलवारबाजीत हे फारच सर्रास आहे. ख्रिस्तियान बाउअर हा फ्रेंच कोच चीनला सेबर (तलवारीचा आणखी एक प्रकार) शिकवत होता. २००८ ला बीजिंगमध्ये चीनच्या झोंग माननं सुवर्ण घेतलं, फायनलमध्ये हरवलं ते एका फ्रेंच खेळाडूलाच.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र भांडणार. ‘येत होतं तेच शिकवलं’ हे वाक्य ज्यानं कधी कोचचं जाड जॅकेट घातलं नाही तोच लिहू शकतो. (तुम्ही घातलं असेल तर आधीच माफी मागतो.)

मी काही मोठा खेळाडू नव्हतो. बारा वर्षं फॉइल खेळलो, जिल्ह्याच्या पुढे फारशी मजल गेली नाही. खेळणं थांबवून मुलांना शिकवायला लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात एक नऊ-दहा वर्षांची मुलगी समोर होती. काम सोपं होतं. मी पातं जरा बाजूला घ्यायचं, छाती उघडी करायची, तिनं सरळ लंज (पुढचा पाय टाकून झेप) मारायचा. पण हात ऐकेना. ती आली की पॅरी-फोर (पात्यानं वार बाजूला सारणं) आपोआप व्हायची, मनगट माझं असून माझं नव्हतं. पाच-सहा वेळा झाल्यावर तिनं मास्क वर केला. घामानं केस कपाळाला चिकटलेले. म्हणाली, ‘‘सर, तुम्ही लागूच देत नाही.’’

खेळाडूचं अख्खं आयुष्य लागू न देण्यात जातं. कोचला दिवसभर लागून घ्यायचं असतं, आणि तेही सरसकट नाही. फॉइलमध्ये हात आधी सरळ झाला पाहिजे, पाय नंतर पडला पाहिजे. हल्ल्याचा हक्क, म्हणजे दोघांचे वार एकदम लागले तर गुण कुणाला, हे त्यावरच ठरतं. म्हणजे हात आधी आला तर टच घ्यायचा, पाय आधी आला तर अर्धं पाऊल मागे सरून तिला हवेत सोडायचं. हे ठरवायला वेळ किती, तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत. मला ते बरं जमायला दोन वर्षं लागली. अजूनही दमलो की पॅरी होतेच. आणि माझी तर बाराच वर्षांची सवय होती. जो माणूस हीच सवय जगात सगळ्यात तेज करून सोलचं सुवर्ण घेऊन आला, त्याला ती मोडायला काय पडलं असेल, याचा हिशोब तुम्हीच करा.

याचा अर्थ तो जादूगार आहे असं नाही. २०२१ ला इटलीनं त्याला परत बोलावलं. २०२४ ला पॅरिसमध्ये फॉइलच्या दोन्ही संघांना रौप्य, फिलिप्पो माक्कीला वैयक्तिक रौप्य, तेही १४-१५ नं. सुवर्ण एकही नाही. हे मी लेखात उरकून टाकलं होतं, तिथे तुमची चिडचिड रास्त आहे.

राहता राहिलं ‘आपल्या कोचवर लिही’. लिहीन. आपली तलवारबाज भवानी देवी, तिचं नाव टोकियो ऑलिंपिकनंतर सगळ्यांना कळलं. पण इटलीत लिव्होर्नोला कोच निकोला झानोत्तीकडे जाण्याआधी ती केरळात थलश्शेरीच्या साई (स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडिया) केंद्रात ज्यांच्या हाताखाली वाढली, त्यांचं नाव सागर लागू. आडनाव वाचून तुम्हीही खुर्चीत सरसावून बसला असाल. फक्त ती सेबरवाली, मी फॉइलवाला. थोडा वेळ द्या.