एका जिनला किती, हे विचारू नये

चीन, हाँगकाँग आणि तैवान असा प्रवास आपण योजला असेल, तर बाजारात उभे राहून तेथील वजनाच्या मापाविषयी ‘एक जिन म्हणजे नेमके किती ग्रॅम?’ असा प्रश्न कृपा करून विचारू नये. हा प्रश्न ज्याला पडतो त्याला व्यापारातले काही कळत नाही, हे भाजीवाली तत्काळ ओळखते. जिन म्हणजे जिन. इंग्रजांनी मलय लोकांच्या ‘काटी’वरून त्याला ‘कॅटी’ म्हटले, तरी त्याचे वजन निश्चित झाले असे मुळीच नाही.

आता आपण आग्रहच धरता, म्हणून सांगतो. चीनच्या मुख्य भूमीवर जिन 500 ग्रॅमचा आहे. तैवानात तो 600 ग्रॅमचा आहे, कारण तेथे अर्धे शतक राज्य करून गेलेल्या जपान्यांचे माप मागे राहिले. हाँगकाँगमध्ये कायद्याने तो सुमारे 604.79 ग्रॅमचा आहे, कारण इंग्रजांनी त्याचा मेळ आपल्या पौंडाशी घातला आणि एक जिन म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश पौंड असे ठरवून टाकले. मुख्य भूमीवर किलोला ‘गोंगजिन’, म्हणजे सरकारी जिन, म्हणतात आणि अर्ध्या किलोला ‘शिजिन’, म्हणजे बाजारी जिन. सरकार आणि बाजार यांच्यात नेमका दुपटीचा फरक असतो, हे इतक्या प्रांजळपणे मान्य करणारी दुसरी मापनपद्धती माझ्या पाहण्यात नाही.

सुज्ञ माणसाने या विविधतेबद्दल तक्रार करू नये, तिचा लाभ घ्यावा. हाँगकाँगच्या मंडईत पाच जिन लिची घ्याव्यात, सीमा ओलांडून मुख्य भूमीवरच्या शेन्झेनला जावे आणि त्याच लिची सहा जिन म्हणून विकाव्यात. एकही फळ न वाढवता एक जिन वाढल्याचे पुण्य पदरी पडते. उलट दिशेने जाण्याची चूक मात्र करू नये. तिकडून सहा जिन घेऊन निघालेला माणूस इकडे पाचांवर येतो आणि वाटेत कोणी खाल्ल्या म्हणून बरोबरच्या मुलांवर संशय घेऊ लागतो.

जिनचे पोटमाप असलेल्या लियांगची कथा अधिक उद्बोधक आहे. जुन्या हिशेबाने एका जिनात सोळा लियांग असत. सोळाच का, याचे उत्तर चिनी लोककथेत मिळते. तोलण्याच्या लाकडी दांडीवर धातूचे बारीक ठिपके ठोकलेले असतात, त्यांना ‘तारे’च म्हणतात. त्यांपैकी सात सप्तर्षींचे, सहा दक्षिणेकडील तारकासमूहाचे आणि उरलेले तीन सौभाग्य, संपत्ती व दीर्घायुष्य या देवतांचे. जो दुकानदार एक लियांग कमी तोलेल त्याचे सौभाग्य जाईल, दोन मारील त्याची संपत्ती जाईल आणि तीन मारील त्याचे आयुष्य घटेल. वजनमापे निरीक्षकाची गरजच भासू नये, अशी ही व्यवस्था होती. पुढे 1959 साली मुख्य भूमीवर जिनात दहाच लियांग असतील असे ठरले आणि सहा तारे एका आदेशासरशी बडतर्फ झाले. कोणते सहा, याचा खुलासा झाला नाही. तेव्हा तेथील दुकानदाराच्या पापाचा हिशेब आता कोणाकडे असतो, हे आपण न विचारलेलेच बरे.

या सुधारणेतून चिनी औषधांना मात्र वगळण्यात आले. भाजी 1959 सालीच दहाच्या हिशेबात आली, पण काढ्याची मुळे 1979 पर्यंत सोळाच्याच हिशेबाने तोलली जात होती. भोपळा चुकला तर आमटी बिघडते आणि औषध चुकले तर गिऱ्हाईक कायमचे जाते, इतका विवेक राज्यकर्त्यांना होता. लियांगचा दहावा भाग म्हणजे ‘छियान’. मुख्य भूमीवर औषधांपुरता तो आता तीन ग्रॅम धरतात, तर हाँगकाँगमध्ये पावणेचार ग्रॅमच्या किंचित वर भरतो. तेव्हा तीन छियानांची चिठ्ठी हातात असल्यास, दुखणे हलके असेल तर ग्वांगझौत औषध घ्यावे आणि भारी असेल तर हाँगकाँगला जावे. सोळाव्या शतकातील थोर वैद्य ली शिझेन यांनी तर प्राचीन एक लियांगासाठी आजचा एक छियान पुरे, असे म्हणून ठेवले आहे. तोळ्याला दहा ग्रॅम आणि पावशेराला पाव किलो समजून निर्धास्त झोपणाऱ्या आपल्यासारख्यांना यात दचकण्याजोगे काही नाही.

सोने घ्यायचे असल्यास हाँगकाँगमध्ये आणखी एक गंमत अनुभवावी. तेथे जिनसेंग या औषधी मुळाचा लियांग 37.8 ग्रॅमचा आणि सोन्याचा 37.43 ग्रॅमचा. मुळापेक्षा सोने हलके, ही गोष्ट वैराग्याच्या दृष्टीने ग्राह्य धरावी आणि पावती घेऊन बाहेर पडावे.

शेवटी भाषेविषयी. ‘अर्धा जिन आणि आठ लियांग’ अशी चिनी म्हण आहे. आपण ‘एकाच माळेचे मणी’ म्हणतो त्या अर्थाची. सोळाच्या हिशेबात ती अचूक होती आणि हाँगकाँग व तैवानात आजही आहे. मुख्य भूमीवर मात्र अर्धा जिन 250 ग्रॅमचा भरतो आणि आठ लियांग 400 ग्रॅमचे. म्हणून बीजिंगमध्ये कोणाशी भागीदारी करण्याचा योग आला आणि समोरचा गृहस्थ हसून ‘आपण दोघे म्हणजे अर्धा जिन आणि आठ लियांग’ असे म्हणाला, तर आपणही हसून मान डोलवावी आणि करारपत्रात आठ लियांग आपल्या नावावर लिहून घ्यावेत.