अलाइनचा आग्रह कशासाठी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

इतकं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लिक्समध्ये (म्हणजे गणिती मजकूर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) इक्वेशन-अ‍ॅरे वापरून तुमच्या नोट्स छान होतात, त्यामुळे 'अलाइनच वापरा' हा माझा हट्ट म्हणजे नुसतं सोवळं आहे. (इक्वेशन-अ‍ॅरे आणि अलाइन हे अनेकओळी समीकरणं मांडायचे दोन प्रकार.) आणि एवढे बारकावे पाळायचेच, तर विद्यार्थ्यांनी सरळ लाटेक, म्हणजे मांडणीच्या आज्ञांचा कोड, लिहावं, मध्ये लिक्स कशाला?

पहिल्या मुद्द्यावर मी अजिबात नमतं घेणार नाही. इक्वेशन-अ‍ॅरेत तीन रकाने असतात आणि बरोबरचं चिन्ह मधल्या रकान्यात एकटं बसतं. त्याच्या दोन्ही बाजूंना १०-१० पॉइंटांची (पॉइंट हे छपाईतलं माप) मोकळी जागा पडते. १० पॉइंटच्या मजकुरात एरवी या चिन्हाच्या एकेका बाजूला तीन पॉइंटसुद्धा जागा नसते. त्यामुळे एकाच पानावर एकओळी समीकरण नीट दिसतं आणि त्याखालचं अनेकओळी समीकरण फाकलेलं. हे एक वेळ चालवून घेऊ. पण ओळ लांब झाली की समीकरणाचा क्रमांक तिच्यावरच छापला जाऊ शकतो. परीक्षेच्या आदल्या रात्री ती ओळ वाचणाऱ्या मुलाने काय करायचं? अलाइन अशा वेळी क्रमांक वेगळ्या ओळीवर नेतं.

आता दुसरा मुद्दा, लिक्स कशाला. इंडक्शनची (गणिती विगमनाची) सिद्धता घ्या. डावी बाजू एकदाच लिहायची, पुढची प्रत्येक पायरी बरोबरच्या चिन्हाने सुरू करायची. लिक्समध्ये अलाइन घातलं की दोन रकाने मिळतात. पहिला उजवीकडे सरकलेला, दुसरा डावीकडे. टॅबने दुसऱ्यात जायचं आणि बरोबरचं चिन्ह तिथे सगळ्यात आधी टाकायचं. नवी ओळ कंट्रोल-एंटरने. अपूर्णांक अपूर्णांकासारखाच दिसतो, त्यामुळे छेदातून निसटलेला 'अधिक एक' मुलांना तिथल्या तिथे सापडतो. लाटेकमधल्या महिरपी कंस आणि & या चिन्हांच्या गर्दीत नवख्याला तो सापडत नाही, हे मी शिकवताना सतत पाहते. लाटेक त्यांनी पुढे जरूर शिकावं. पण पहिल्या वर्षी लक्ष गणिताकडे राहू द्या.

दोन ओळींवर पसरलेला मोठा कंस अलाइनमध्ये त्रास देतो, ही तुमची तक्रार मात्र अगदी रास्त आहे. आपोआप वाढणाऱ्या कंसांची जोडी एकाच रकान्यात पूर्ण व्हावी लागते. तिथे कंसांच्या चौकटीतून ठरावीक मापाचा कंस निवडा. आणि एकमेकांशी संबंध नसलेली समीकरणं असतील तर अलाइन नकोच, गॅदर घ्या; त्यात प्रत्येक समीकरण आपापलं मध्यभागी बसतं.

जुन्या नोट्स पुन्हा टाइप कराव्या लागणार नाहीत. समीकरणात कर्सर ठेवून एडिट मेनूतल्या मॅथमध्ये जा, तिथे फॉर्म्युल्याचा प्रकार बदलता येतो. बदलल्यावर रकाने एकदा नजरेखालून घाला.