फेकू नाही, बढाईखोर म्हणा

गेल्या रविवारी गावी गेलो होतो. ओट्यावर अण्णांची नेहमीची गोष्ट रंगात आली होती: एका खेपेला तीन टन दोनशे किलो ऊस त्यांनी बैलगाडीतून कारखान्यावर कसा नेला. मोबाईलमधून मुंडी वर न काढता नातू म्हणाला, "आजोबा, लई फेकू नका." अण्णा गप्प झाले आणि उठून घरात गेले.

पोराच्या उद्धटपणाचा राग आलाच, पण त्याहून जास्त आला त्या शब्दाचा. हल्ली कुणी चार शब्द मोठे बोलला की झाला फेकू. (राजकारणातला फेकू कोणाचा, ते कमेंटमध्ये काढू नका, हात जोडतो.) अहो, फेकणारा खोटं बोलतो. बढाई मारणारा खरंही बोलत असेल, फक्त जरा जास्त वेळा.

बढाईखोर. त्यातलं 'खोर' फारसीतलं, मूळ क्रियापद 'खुर्दन', म्हणजे खाणे. लाच खातो तो लाचखोर, हरामाचं खातो तो हरामखोर. पुढे आपण ते शेपूट वाट्टेल तिथे चिकटवलं: भांडखोर, चिडखोर, टवाळखोर. बढाईखोराला मात्र मूळचा अर्थ फिट्ट बसतो. अण्णांना दुपारच्या चहाबरोबर तो ऊस लागतोच. ऐकायला कुणी भेटलं नाही तर संध्याकाळी भाजीत मीठ कमी निघतं.

शेखीची जात वेगळी. शेख म्हणजे अरबीत वडीलधारा, टोळीचा म्होरक्या. शेखी म्हणजे त्या मोठेपणाचा तोरा. म्हणून बढाई मारतात, पण शेखी मिरवतात. तिला मिरवायला काहीतरी लागतं, निदान पणजोबांचा पडका वाडा तरी. ते नसेल तर मग घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. तीसमारखानाकडे तेवढंही नसतं. लोक सांगतात, त्याने मारल्या त्या तीस माश्या.

माझी आवडती मात्र वल्गना. संस्कृतात 'वल्ग्' म्हणजे उड्या घेत जाणे. अमरकोशात घोड्याच्या पाच चाली दिल्यात, त्यातली एक 'वल्गित'. लगामाला म्हणतात वल्गा. आता कुठल्याही प्रचारसभेतलं भाषण आठवा आणि घोडं डोळ्यांसमोर आणा. अण्णांनी केलं ते सांगतात, वल्गना करणारा करून दाखवीन ते सांगतो. एवढे बारीक पदर असलेले शब्द हाताशी असताना सगळ्यांना एकाच 'फेकू'च्या पोत्यात कोंबायचं, हा मला निव्वळ आळस वाटतो.

तर अण्णा पाचेक मिनिटांनी बाहेर आले. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, दोन जुने फोटो आणि चार घड्यांची एक पिवळी पडलेली चिठ्ठी. घडीवर फाटलेली, मागून चिकटपट्टी. कारखान्याच्या काट्याची पावती. शाई उडालेली, पण आकडा वाचता येत होता: तीन टन दोनशे. नातवाने मोबाईल खाली ठेवला, पावती उजेडात धरून पाहिली, पुन्हा पाहिली.

अण्णा मिशीवरून हात फिरवत बसले.

एवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "आणि बैल कुणाचे होते, ते पण सांगा की पोराला!"