चहा म्हणून पिऊ नकोस

हाउसबोट जागची हलत नाही, हे मला श्रीनगरला पोहोचेपर्यंत माहीत नव्हतं. बोट म्हटल्यावर ती कुठेतरी जाणार, अशी माझी भाबडी समजूत. दल लेकवरची हाउसबोट म्हणजे पाण्यात बांधून ठेवलेला वाडा. देवदाराच्या भिंती, अक्रोडाचं कोरीव फर्निचर आणि डोक्यावर खतमबंद, म्हणजे लाकडाचे तुकडे खिळ्यावाचून एकमेकांत अडकवून केलेलं छत. महाराजांच्या काळात बाहेरच्या माणसाला काश्मीरमध्ये जमीन घेता येत नसे, म्हणून साहेबलोक पाण्यावर राहू लागले, असं आमचे यजमान चाचा सांगत. साहेबाला निदान हवं तेव्हा काठावर जाता येत असेल. आम्हाला जायचं तर शिकारा बोलवायला हवा, त्यासाठी फोन हवा, आणि माझं सिमकार्ड पडलं प्रीपेड. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे मुकं होतं. थोडक्यात, मी चहूबाजूंनी पाण्यात आणि पूर्णपणे चाचांच्या हवाली.

पहिल्या संध्याकाळी मी बॅगा उतरवत होतो. एक पाय शिकाऱ्यात, एक बोटीच्या पायरीवर, आणि दोघांचे विचार वेगळे. तेवढ्यात वर चाचांनी आईला चहाचं काहीतरी विचारलं. आईने तिच्या खास हिंदीत ठणकावून सांगितलं, "वो नको. तुम घर में जो पीते, वोइच देव." हे ऐकून चाचांचा चेहरा असा काही उजळला, की मला आईचा अभिमान वाटला.

मग मागच्या डोंग्यातून चाची आल्या. (यजमानांचं कुटुंब राहतं ती मागची साधी बोट म्हणजे डोंगा.) हातात पितळी समोवार, म्हणजे पोटात निखारे ठेवून चहा गरम ठेवणारं भांडं. कपात ओतलेला चहा गुलाबी होता. मी खूश. केशर-बदाम घातलेला कहवा ऐकून होतो, हा त्याचाच कुणी श्रीमंत भाऊ असणार, असं वाटलं. मोठा घोट घेतला.

खारट.

चहात चुकून मीठ पडलं तर आपण ओरडतो. पण समोर चाची, चाचा आणि त्यांची सातेक वर्षांची नात असे तिघेजण माझ्या तोंडाकडे बघत उभे. माझ्या तोंडून निघालं, "वा! बहुत बढिया!" या दोन शब्दांनी माझा घात केला. हा नून चाय. नून म्हणजे मीठच. पानं सोडा घालून बराच वेळ उकळतात, पळीने घुसळतात, आणि दूध पडलं की तो रंग येतो. सकाळी कांदुराकडच्या, म्हणजे तिथल्या रोटीवाल्याकडच्या, गरम गिर्द्याबरोबर (गिर्दा ही तिथली गोल रोटी) पितात, दुपारी पुन्हा. कप अर्धा झाला की चाची भरणार. मी कपावर हात ठेवला, तर त्यांनी हात प्रेमाने बाजूला सारला.

"आई, हा कसा पितेस गं?" मी रात्री विचारलं.

"चहा म्हणून पिऊ नकोस. सार म्हणून पी. रंग बघ, सोलकढीसारखाच आहे की नाही?"

आई गिर्दा बुडवून तीन-तीन कप रिचवत होती. चाचींना हिंदी बेताची, आईला काश्मिरी शून्य, तरी दोघी तासन्‌तास बोलत. सांधेदुखीवर असावं, कारण दोघीही गुडघ्यांना हात लावत होत्या.

मी उपाय केले. साखर घालून पाहिली. त्या चवीबद्दल न लिहिलेलंच बरं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो, व्हरांड्यात गेलो आणि कप हळूच पाण्यात ओतला. नेमका तिथून फुलवाला शिकारा लावत होता. तो वर बघून गोड हसला, "साहब, चाय पसंद नहीं आई?" पलीकडे तळ्यातलं शेवाळ काढणारं सरकारी यंत्र चालू होतं. सरकार दल स्वच्छ करतंय आणि मी त्यात चहा ओततोय. लाज वाटून मी त्याच्याकडून ट्युलिपचे कंद घेतले. आमच्या गच्चीवरच्या उन्हात ते काय उगवणार!

बाकी सगळं उत्तम होतं. पहाटेचा भाजीबाजार पाहिला, होडीत बसून होडीतल्या माणसाशी घासाघीस. चाचींच्या हातची कमळकाकडीची यखनी, म्हणजे नद्रू यखनी, मी मागून मागून खाल्ली. निशात, शालिमार या मुघल बागा उरकल्या. पण शालिमारच्या कारंज्यांपाशीही डोक्यात एकच विचार: इथे कुठे आल्याचा कटिंग मिळेल का?

तिसऱ्या दिवशी नातीनेच भांडं फोडलं. माझा चेहरा बारकाईने बघत ती म्हणाली, "अंकल, आप लिप्टन क्यों नहीं पीते?"

तिथे दूध-साखरेच्या साध्या चहाला लिप्टन म्हणतात. घरात होता! तीन दिवस!

"हमने तो पहले ही दिन पूछा था," चाचा गोंधळून म्हणाले. "मीठी चाय लेंगे? माताजी ने मना कर दिया."

मी आईकडे पाहिलं.

"मग? मिठाचा चहा कोण घेईल? मी म्हटलं नको, तुमचा नेहमीचा द्या."

चाचांना हा घोटाळा समजावून सांगायला मला पंधरा मिनिटं लागली. मराठीत मीठ म्हणजे नमक, हे कळल्यावर ते इतके हसले, की डोंग्यातून चाची धावत आल्या. त्यांना काश्मिरीत सांगितलं. मग त्या हसल्या. नातीने ती गोष्ट शेजारच्या बोटीवर ओरडून कळवली. तिकडेही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेमध्ये दोन भांडी आली, किटली आणि समोवार. चाचींनी आधी किटली उचलली आणि आईकडे वळल्या. आईने कप मागे घेतला, माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली,

"इसको मीठी देव. मेरे को मीठवाली."