व्हेनिसला मुक्काम करणाऱ्यांसाठी मौलिक सूचना

व्हेनिसला जायचे ठरले की सर्वप्रथम नकाशा मिटून ठेवावा. सहलीच्या पत्रकात ‘मुक्काम : व्हेनिस’ असे छापलेले असताना अधिक चौकशी करणे हा आयोजकांचा अपमान आहे. आमच्या नुकत्याच झालेल्या सहलीत हा मुक्काम खाडीच्या अलीकडे, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रे येथे निघाला. विचारले, तर “हेही व्हेनिसच की!” असे उत्तर मिळाले. तेही खोटे नव्हे. मेस्त्रे १९२६ पासून व्हेनिसच्याच नगरपालिकेत आहे. शिवाय दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांवर २०२४ पासून ठरावीक दिवशी लावलेले प्रवेशशुल्क मेस्त्रेत उतरणाऱ्यांना माफ असते, हा मान वेगळाच.

बेटावरच राहण्याचा हट्ट असल्यास घरातली सर्वांत मोठी बॅग न्यावी, कारण तिथल्या सुमारे चारशे पुलांपैकी बहुतेकांना पायऱ्या आहेत.

हॉटेलचा पत्ता नीट समजून घेऊ नये. घरक्रमांक रस्त्याप्रमाणे नसून अख्ख्या विभागाचे मिळून असल्याने शोधाशोध छान रंगते.

“रात्री नुसते झोपायलाच तर जायचे आहे,” हे वाक्य मात्र तोंडपाठ हवे. संध्याकाळी दिवसभराची गर्दी ओसरते, सान मार्को चौक मोकळा होतो, बोळांतून आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येऊ लागतो, नेमक्या त्याच वेळी आपण ट्रोंकेत्तोच्या वाहनतळावर “काका कुठे राहिले?” असे ओरडत माणसे मोजत असावे. मग जवळजवळ चार किलोमीटरचा पूल ओलांडून मेस्त्रेत पोळीभाजी खावी, सकाळी पुन्हा तोच पूल, पुन्हा बोट, पुन्हा मार्गदर्शकाच्या झेंड्यामागे धावपळ! ज्या शहराची खरी मजा रात्री आणि पहाटे, तिथे फक्त भर दुपारी उन्हात फिरवून आणतात, आणि त्यालाच व्हेनिसचा मुक्काम म्हणतात!

अहो, मेथीची जुडी घेताना उलटीसुलटी करून पाहता, मग माणशी लाखांत पैसे भरण्यापूर्वी हॉटेल कोणत्या भागात आहे हे लेखी मागायला लाज कसली वाटते? बेटावरच्या सांता लुचिया रेल्वे स्थानकाबाहेर डावीकडे वळून कान्नारेज्जो विभागातल्या लिस्ता दी स्पान्या रस्त्यावरच्या हॉटेलात उतरलात, तर बॅग ओढताना वाटेत एकही पूल लागत नाही. एवढे तर नकाशाही सांगतो. आणि आयोजकहो, मेस्त्रेत उतरवणार असाल तर पत्रकात मेस्त्रे असेच छापा. स्वस्त पडते म्हणून कित्येक जण खुशीने राहतील. लपवता कशाला?