वीस वर्षांपूर्वी कुठे होतीस?

नाताळच्या सुट्टीत आमच्या सोफ्यावर तीन पिढ्या बसून ‘द लास्ट युनिकॉर्न’ हा ॲनिमेशनपट बघत होत्या. आई ७२, मी ४६, लेक १०. जर्मनीत राहणाऱ्यांना सांगायला नकोच, नाताळच्या आसपास इथे टीव्हीवर हा सिनेमा लागतो म्हणजे लागतोच. जर्मनमध्ये ‘डास लेट्स्टे आइनहॉर्न’. आमच्याकडे दिवाळी अंकाची वाट बघायचे तशी इथली माणसं त्याची वाट बघतात.

आई तीन महिन्यांसाठी आली आहे. युनिकॉर्न म्हणजे काय, हे तिला सांगताना माझी पंचाईत झाली. ‘एकशिंगी’ म्हटलं तर म्हणाली, “गेंडा?” मग लेकीचं दप्तर दाखवलं. त्यावर टिकल्या लावलेला, इंद्रधनुष्यी शेपटीचा, गुबगुबीत. पण पडद्यावरचं जनावर त्यातलं नाहीच. बारीक पायांचं, सिंहासारख्या शेपटीचं, आणि चेहऱ्यावर एक प्रकारचा थंडपणा. पीटर एस. बीगलची कादंबरी १९६८ची, सिनेमा १९८२चा. पटकथाही बीगलनेच लिहिली, त्यामुळे कादंबरीतले तिरकस संवाद बऱ्यापैकी शाबूत राहिले. चित्रं जपानच्या टॉपक्राफ्ट स्टुडिओत काढलेली. तिथली बरीच मंडळी पुढे ‘तोतोरो’ सिनेमा काढणाऱ्या जिब्ली स्टुडिओत गेली, असं सांगितल्यावर लेकीने मोबाइल खाली ठेवला. तोतोरोची पुण्याई.

गोष्ट थोडक्यात अशी. जगात आपण एकट्याच उरलो आहोत, असं एका युनिकॉर्नच्या कानावर येतं आणि ती बाकीच्यांना शोधायला जंगल सोडते. वाटेत ममी फॉर्च्युना नावाची चेटकीण तिला झोपेत पकडते आणि आपल्या फिरत्या जत्रेत पिंजऱ्यात घालते. बाकीच्या पिंजऱ्यांत बहुतेक सगळा बनाव. म्हातारा सिंह, लंगडं माकड, पण मंत्राच्या जोरावर लोकांना अक्राळविक्राळ राक्षस दिसतात. हे आईला भाषांतराशिवाय कळलं. “आमच्या जत्रेत धड नसलेली बाई दाखवायचे, तसलंच,” म्हणाली.

आणि खरी युनिकॉर्न हाती लागल्यावर ही म्हातारी काय करते? तिच्या कपाळावर एक खोटं शिंग चढवते! कारण खरं शिंग लोकांना दिसतच नाही, त्यांना ती नुसती पांढरी घोडी वाटते. खरं शिंग असताना वर खोटं शिंग. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सिनेमा थांबवून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले होते.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते.

अर्ध्या वाटेवर मॉली ग्रू येते. दरोडेखोरांच्या टोळीत रांधणारी, केस विस्कटलेली, तोंडाने फटकळ, वय उलटून चाललेली बाई. युरोपातल्या जुन्या समजुतीप्रमाणे युनिकॉर्न फक्त कोवळ्या कुमारिकेजवळ येते, तिच्या मांडीवर डोकं ठेवते. मॉलीनेही कधीतरी वाट पाहिली असणार. आणि ती आत्ता समोर उभी! दुसऱ्या कुठल्याही सिनेमात बाई हरखली असती, हात जोडले असते. मॉली भडकते. वीस वर्षांपूर्वी कुठे होतीस? दहा वर्षांपूर्वी कुठे होतीस? आत्ता येतेस, मी ही अशी झाल्यावर? आणि मग रडत रडत तिला जवळ घेते, माफही करून टाकते.

लेक म्हणाली, “ती का चिडली? भेटली ना शेवटी?” दहाव्या वर्षी मलाही हाच प्रश्न पडला असता. तिला काय सांगणार? पोस्टग्रॅज्युएशनचा राहिलेला फॉर्म, गाण्याची सुटलेली परीक्षा, आणि चाळिशीनंतर कुणीतरी प्रेमाने म्हणतं, “अगं, आता शीक की, आता तर वेळच वेळ आहे.” तेव्हा घशाशी जे येतं, ते मॉलीच्या तोंडून बाहेर पडतं. हा सिनेमा दुकानात आणि ॲपवर लहान मुलांच्या कप्प्यात असतो. मुलांनी बघावा, जरूर बघावा. पण तो आमच्या वयाच्या बायकांचा आहे.

सगळंच काही छान नाही. जिमी वेबची गाणी, ‘अमेरिका’ बँडने गायलेलं शीर्षकगीत अजून अंगावर येतं, पण राजपुत्र आणि नायिकेचं (वाटेत सोबत आलेला जादूगार युनिकॉर्नला काही काळ बाई करून टाकतो) युगुलगीत… त्यांना आवाज देणारे जेफ ब्रिजेस आणि मिया फॅरो दोघंही स्वतःच गायले आहेत आणि ते कळतं. आमच्या गाण्याच्या बाईंनी दोघांना पुन्हा सा लावायला बसवलं असतं. प्रेमप्रकरणही घाईघाईत उरकलेलं. हॅगर्ड राजा मात्र जबरदस्त. जगातले सगळे युनिकॉर्न समुद्रात कोंडून ठेवणारा, कारण त्यांच्याकडे बघतानाच त्याला सुख वाटतं, बाकी कशानेच नाही. आवाज ख्रिस्तोफर लीचा, आणि जर्मन आवृत्तीतही त्याचाच, स्वतः जर्मनमध्ये बोललेला. लाटांच्या फेसातून पांढरे युनिकॉर्न उसळून वर येतात, तिथे लेकीने माझा दंड घट्ट धरला होता.

मधल्या काळात माणूस होऊन राहिल्यामुळे आपल्या नायिकेला एक गोष्ट चिकटलेली असते, जी बाकी कुठल्याच युनिकॉर्नला ठाऊक नाही. पश्चात्ताप. तो घेऊनच ती जंगलात परत जाते. गंमत म्हणजे त्याबद्दलही ती जादूगाराचे आभार मानते.

आई तोवर झोपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साबुदाणा भिजवताना अचानक म्हणाली, “त्या ओरडणाऱ्या बाईचं पुढे काय झालं गं?”

“त्या जादूगाराबरोबर निघून गेली.”

“लग्न केलं?”

“ते दाखवत नाहीत.”

आईने साबुदाण्यातलं जास्तीचं पाणी ओतून टाकलं, वर झाकण ठेवलं. “बरं झालं, गेली ते,” म्हणाली.